घरात शांतवन नाही

शांतवन साळवे, म्हणजे सगळ्यांचे मामा, यांनी आयुष्यात कोणावर डोळे मिटून विश्वास ठेवला असेल तर तो एकदाच, सुईणीवर. आणि तोही नाइलाजाने, कारण तेव्हा त्यांना डोळे उघडता येत नव्हते.

त्यानंतर मात्र उघडे ते उघडेच. करी रोडला जुनी चाळ पाडून टॉवर झाला, मामांना बाविसाव्या मजल्यावर घर मिळालं. पण लिफ्टमध्ये शिरले की मामा आरशातून मागच्या माणसाच्या पिशवीत काय आहे ते बघणार. दाराला बिल्डरने दिलेलं कुलूप, त्यावर आपली कडी, त्यावर साखळी. बेल वाजली की आधी भिंगातून डोळा, मग "कोण?", आणि मग, स्वतःची बायको असली तरी, "एकटीच आहेस ना?" शेजारच्या दत्तारामांनी एकदा विचारलंच होतं, "शांतवनानू, तुमी देवाक तरी मानतास, की तेचो पण गेटपास तपासतास?"

दत्ताराम हसण्यावारी बोलले, पण नेम बरोबर लागला होता. मामांनी चौतीस वर्षं माझगावच्या एका वर्कशॉपच्या गेटवर काढली. काम एकच: सुटीच्या भोंग्याला बाहेर पडणाऱ्या माणसांचे डबे उघडून बघायचे. चपातीखाली काय, भाजीखाली काय. एकदा एका फिटरच्या डब्यात, भरल्या वांग्याच्या पोटात, मामांना पितळी नट सापडला. वर्कशॉपला टाळं लागून आता बरीच वर्षं झाली, पण मामा अजून वांगं सरळ तोंडात घालत नाहीत. आधी चिरफाड करतात. सुगंधामामी, म्हणजे त्यांची बायको, परळच्या एका इस्पितळात सिस्टर होत्या; त्यांची जीभ इंजेक्शनच्या सुईसारखी, टोचते पण हात हलका. त्या म्हणायच्या, "शोधा, शोधा. सापडला तर मला द्या, मिक्सरचा एक हरवलाय."

तर असा हा माणूस. आणि नाव काय, तर शांतवन! ख्रिस्ती मंडळीत नसलेल्यांना हे नाव कळत नाही. रेशन दुकानात "शांताराम" लिहितात, बँकेत "शंतनू". शांतवन म्हणजे सांत्वन. मामांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, तिसरं जगलं तेव्हा नगरकडच्या त्यांच्या गावच्या पाळकांनी आईच्या मांडीवरचं मूल बघून म्हटलं, "बाई, हे तुझं शांतवन." तेच नाव पडलं. ज्याच्या येण्याने आईच्या जिवाला धीर आला, त्याच्या येण्याने पुढे निम्मं माझगाव डबा लपवायला लागलं, हा भाग वेगळा.

परळच्या मराठी चर्चमध्ये मामांचा एकच मित्र, एलिया थोरात. संडेस्कूलपासूनचा. एलिया छापखान्यात खिळे जुळवायचा. अक्षरं उलटी वाचायची सवय, त्यामुळे बोलणंही तसंच. भजनाला एलिया पेटीवर आणि मामा ढोलकीवर. दोघांची जोडी अशी की एलियाने सूर धरायच्या आधी मामांची बोटं ढोलकीवर पोहोचलेली असायची. पंचेचाळीस वर्षं. मामांच्या संशयाच्या यादीत अख्खी मुंबई होती. फक्त एलियाच्या नावापुढे रेघ मारलेली होती.

ती रेघ पुसली गेली गेल्या मे महिन्यात, एका बुधवारी.

बुधवारी संध्याकाळी चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये प्रार्थनासभा असते. दाराशी एक लाकडी पेटी ठेवलेली. ज्याला जे दुःख असेल त्याने ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, "एक भाऊ" किंवा "एक बहीण" एवढंच, आणि घडी करून पेटीत टाकायचं. सभेत पाळक चिठ्ठ्या वाचतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. एलिया मंडळीचा सेक्रेटरी, म्हणून पेटीची किल्ली त्याच्याकडे.

त्या दिवशी वैभव पाद्रींनी तिसरी चिठ्ठी उघडली. तरुण माणूस, नुकताच बदली होऊन आलेला, सगळ्यांची नावं अजून पाठ नव्हती. त्यांनी सरळ मोठ्याने वाचलं:

"घरात शांतवन नाही. फार एकटं वाटतं. शांतवन यावं म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी. एक बहीण."

पंख्याची तेवढी खरखर. मग बाजाच्या पेटीमागून एलियाचा आवाज आला, "अरे शांत्या, ऊठ की! बोलावणं आलंय."

मग जे झालं ते देवाच्या घरात व्हायला नको होतं. हसून हसून लोक बाकावर आडवे झाले. बायकांनी पदर तोंडात कोंबले. वैभव पाद्रींना दोन मिनिटांनी अर्थ लागला आणि त्यांनी चिठ्ठीआडच तोंड लपवलं. सगळ्यांत जास्त हसल्या सुगंधामामी. "न्या हो कोणीतरी," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "संध्याकाळचे आणून सोडा म्हणजे झालं."

मामा हसले नाहीत. ते उठले, पाद्रींच्या हातून चिठ्ठी घेतली, चार घड्या केल्या आणि शर्टाच्या आतल्या खिशात घातली. पूर्वी गेटवर सापडलेली वस्तू ते अशीच खिशात घालायचे.

रात्र पडायच्या आत मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न फिरू लागला: "शांतवनमामा रविवारी उपलब्ध आहेत का?" खाली अठरा हसरे चेहरे. मामांनी अठराही नावं वहीत उतरवली.

आणि मग विचार करायला बसले. विचार म्हणजे झडतीच. ही चिठ्ठी कोणा बाईने लिहिलेली नाही, हे त्यांनी पहिल्याच चहाला ठरवलं. का? तर शब्द. आता शांतवन कोण बोलतं? पाळक उपदेशात सांत्वन म्हणतात, वर्तमानपत्रात सांत्वन छापतात, शाळेत सांत्वन शिकवतात. ज्याला सांत्वन हवं तो सांत्वन लिहील. शांतवन लिहिलंय म्हणजे शांतवन साळवेच! आणि असा अक्षरांचा खेळ कोणाला सुचेल? ज्याने जन्मभर खिळे जुळवले त्याला. पेटीची किल्ली कोणाकडे? त्याच्याकडे. पहिला कोण हसला? तोच.

"पुरावा पुरेसा आहे," मामा म्हणाले.

"फाशी देणार का?" मामी म्हणाल्या.

शनिवारी भजनाच्या सरावाला मामांनी ढोलकी पिशवीतून काढलीच नाही. समोर उभे राहून म्हणाले, "एलिया, चिठ्ठी तू लिहिलीस."

"मी? छे."

"शपथ घे."

"घेणार नाही."

"का?"

"का म्हणजे? शपथ वाहायची नाही असं संडेस्कूलात शिकवलेलं विसरलास? हो तर हो म्हणायचं, नाही तर नाही. मी नाही म्हटलं."

"म्हणजे शपथ घ्यायला घाबरतोस."

"अरे, मी लिहिली असती तर खाली सही केली असती! इतका चांगला विनोद कोण बेनामी सोडतो?"

कोणालाही पटलं असतं. मामांना उलट वाटलं: बघा, चांगला विनोद म्हणतोय, म्हणजे मालकी सांगतोय. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी कमिटीला तीन पानी अर्ज: एलिया थोरात यांनी प्रार्थनेच्या पवित्र पेटीचा गैरवापर करून एका विवाहित गृहस्थाची बदनामी केली, सबब त्यांना सेक्रेटरीपदावरून काढावं आणि किल्ली जप्त करावी. खाली: प्रत, बिशपसाहेब.

वैभव पाद्री अर्ज घेऊन घरी आले. साखळी, कडी, कुलूप उघडेपर्यंत बाहेर उभे राहिले. आत आल्यावर म्हणाले, "मामा, भाऊ चुकला तर काय करायचं ते आपल्याला सांगितलेलं आहे. आधी एकट्याने जाऊन त्याला सांगायचं. नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर न्यायचं. मंडळीपुढे शेवटी. तुम्ही शेवटची पायरी पहिली चढलात."

"एकट्यानेच गेलो होतो मी. सरावाला."

"बोलायला, की झडती घ्यायला?"

मामींनी पाद्रींना आणखी एक चकली वाढली, शाबासकी म्हणून.

अकरा महिने असे गेले. भजनाला ढोलकी नाही. एलिया मोबाइलमधल्या तालावर पेटी वाजवायचा आणि तो ताल मधेच जाहिरात लावायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. ज्याच्या मनात भावाबद्दल काही आहे त्याने आधी ते मिटवावं आणि मग मेजाजवळ यावं, असा नियम. बाकीच्यांच्या मनात काय काय असतं ते देव जाणे, सगळे रांगेत उठतात. मामा उठत नसत. संशयी असले तरी लबाड नव्हते. अख्खं बाक रिकामं व्हायचं, मामी एकट्या पुढे जायच्या, आणि मामा हाताची घडी घालून बसून राहायचे. वयाच्या सोळाव्या वर्षापासून एकही प्रभुभोजन न चुकवलेला माणूस. मामी परत येऊन बसल्या की ते जरा जास्तच जोराने खाकरायचे. मामी काही बोलायच्या नाहीत. आणि मामी बोलत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर, हे बाविसाव्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

तपास मात्र चालू होता. एलियाने स्वतःच्या हाताने लिहिलं नसेल, कोणा बाईकडून लिहून घेतलं असेल, असा मामांना नवा संशय आला. चिठ्ठी प्लास्टिकच्या कव्हरात घालून ते अक्षर जुळवत फिरू लागले. चर्चमधल्या लोणची-पापडांच्या विक्रीच्या दिवशी दाराशी वही घेऊन बसले: "बहिणींनी नावपत्ता मराठीत लिहावा, यादी करायची आहे." पहिल्या चौघींनी लिहिला. पाचवीला वास आला. त्यानंतर महिला मंडळाने एकजात इंग्रजी मोठ्या अक्षरांत नावं लिहिली. लोणच्याच्या बरण्यांवरची लेबलंसुद्धा रातोरात इंग्रजी झाली. कैरीचं कोणतं आणि लिंबाचं कोणतं ते म्हाताऱ्यांना वाचता येईना.

दत्ताराम लिफ्टमध्ये विचारायचे, "इन्क्वायरी खंयपर्यंत इली?"

"जवळ आलोय," मामा सांगायचे.

आणि पेटी? पेटी रिकामी राहू लागली. चिठ्ठी टाकायची कोणाची छाती होईना; उद्या मामा अक्षर ओळखायचे. एलिया दर बुधवारी किल्ली फिरवून पेटी उघडायचा, उलटी करून दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा, मंडळीत एकालाही दुःख राहिलं नाही. शांत्याने गुण आणला." लोक हसायचे, पण आता पूर्वीसारखे नाही.

शेवटी वैभव पाद्रींनी तारीख ठरवली. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी उपासनेनंतर हॉलमध्ये मंडळीची सभा, तिथे दोघांनी आपापलं सांगावं, मतदान व्हावं. पवित्र आठवड्यात हे ओझं न्यायचं नाही. मामांनी अर्जाची प्रत काढली, चिठ्ठी कव्हरासकट तयार ठेवली. एलिया पद गमावणार हे बऱ्याच जणांनी धरलंच होतं. नाहीतर मामा मंडळीला सुखाने बसू देणार नव्हते.

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मामा शिवडीच्या कब्रस्तानात गेले. ईस्टरच्या आधी आईच्या कबरीवरचं गवत काढायचं, चुन्याचा हात द्यायचा, हे दरवर्षीचं. काम आटोपून परत निघाले तर पायवाटेला एक नवा दगड दिसला. काळा, चकचकीत. सवयीप्रमाणे मामांनी वाचला, आणि हातातली चुन्याची बादली खाली ठेवली.

दगडावर त्यांचं नाव होतं.

"शांतवन." स्पष्ट. कोरलेलं. सोनेरी रंग भरलेलं.

दुसऱ्या क्षणी संशय जागा झाला: एलिया! हा मनुष्य इथपर्यंत पोहोचला? मेलेल्यांच्या दगडावर माझं नाव कोरून घेतो? मामांनी खिशातून चष्मा काढला आणि सगळा दगड वाचला. वर नाव होतं गंगाधर अढाव यांचं. गेल्या एप्रिलची तारीख. आणि तळाशी एक ओळ: "आमच्या घरास शांतवन लाभो."

गंगाधर अढाव. चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन पंखे लावणारा माणूस. मामा मातीला आले होते, मूठभर माती टाकली होती, आणि गेटवरून शेवटचा माणूस गेला की गेट विसरावं तसे विसरले होते.

मागे पाऊल वाजलं. पाण्याची बाटली आणि शेवंतीची जुडी घेऊन गंगाधरची बायको ललिता उभी होती. मामांना बघून ती दोन पावलं मागे सरली. मागे सरणारा माणूस मामांनी चौतीस वर्षं पाहिला होता. डब्यात काहीतरी असलं की असाच सरतो.

"सलाम, ललिताबाई," मामा म्हणाले.

"सलाम, मामा." मग एकदम, श्वास न घेता, "मामा, मी सांगणारच होते. तुम्ही इथपर्यंत याल असं नव्हतं वाटलं मला."

आपण तिला शोधत आलो असं तिला वाटतंय, हे मामांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

"तुमचं नाव नव्हतं हो घातलं मी," ललिता म्हणाली. "देवाच्यान... नाही, शपथ नाही वाहत. पण नव्हतं घातलं. आमची आजी म्हणायची हा शब्द. घरात कोणी गेलं की म्हणायची, देव शांतवन देतो गं. सांत्वन ते पुस्तकातलं. ते मला आलंच नाही लिहिताना."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कधी सांगू? सगळे हसायला लागले. आधी मला कळेना का हसतात. मग कळलं. मग मीसुद्धा हसले."

"तुम्ही हसलात?"

"नाही हसले तर ओळखलं असतं ना कोणी." तिने जुडीचा दोरा सोडला, परत बांधला. "चाळीस दिवस झाले होते यांना जाऊन. घर खायला उठायचं. वाटलं होतं, नाव न घालता लिहिता येतं तर लिहावं. नंतर ऐकलं, तुम्ही अक्षर जुळवताय म्हणून. त्यानंतर चर्चला आले नाही. कोणी विचारलं तर सांगते, दुसऱ्या मंडळीच्या फेलोशिपला जाते. कुठे जात नाही. वाण्याची यादीसुद्धा फोनवर बोलून सांगते, लिहीत नाही."

मामा त्या दगडाकडे बघत राहिले. अकरा महिन्यांचा तपास पूर्ण झाला होता. माल सापडला होता. इतकी वर्षं माल सापडला की त्यांच्या छातीत एक छोटासा ढोल वाजायचा. आज काही वाजलं नाही.

"चुकलो मी," मामा म्हणाले. हे वाक्य त्यांना नीट येत नव्हतं, म्हणून पुन्हा म्हणून बघितलं. "तुमचं काही नाही. मी चुकलो."

"उद्या सभा आहे ना? माझं नाव सांगणार?"

"नाही."

"मग लोक तुमच्याबद्दल काय म्हणतील, मामा?"

"म्हणू देत," मामा म्हणाले, आणि मंडळीतला दुसरा कोणी ऐकायला असता तर चाटच पडला असता. कारण लोक काय म्हणतील या एका चिंतेवर त्यांनी अकरा महिने मंडळी वेठीला धरली होती. त्यांनी खिशातून प्लास्टिकचं कव्हर काढलं, त्यातली चिठ्ठी काढली आणि ललिताच्या हातात दिली. "तुमची आहे."

तिने ती शेवंतीच्या जुडीत खोचली आणि जुडी दगडापाशी ठेवली.

तिथून मामा घरी गेले नाहीत. चुन्याची बादली हातात घेऊनच लालबागला एलियाच्या घरी गेले. अकरा महिन्यांनी पहिली पायरी.

एलियाने दार अर्धंच उघडलं. आधी बादली बघितली. "काय, दाराला काळं फासायचं तर चुना कशाला आणलास?"

"चिठ्ठी तू लिहिली नाहीस."

"हे मी तुला गेल्या मेपासून सांगतोय."

"आज मला कळलं."

"कोणी लिहिली?"

"ते सांगणार नाही."

एलियाचे डोळे बारीक झाले. पंचेचाळीस वर्षांत संशयाची लागण त्यालाही झालीच होती. "शांत्या, हा काय डाव आहे? उद्या सभेत गोड बोलून पाय ओढायचा बेत?"

"डाव नाही."

"मग नाव सांग. वर्षभर मला चोर केलंस. पोरंटोरं किल्लीवाला म्हणून हसतात. आणि आता नाव सांगणार नाही म्हणतोस?"

"नाही."

दार लागलं. आतून कडीचा आवाज आला. मामांना तो आवाज ओळखीचा होता, फक्त आजवर तो नेहमी दाराच्या आतल्या बाजूने ऐकला होता.

रविवारी हॉल गच्च भरला. उपासनेला जे कधी येत नाहीत तेही सभेला आले होते. लोकांच्या हातात झावळ्या, आणि डोळे मामांवर. मामा उभे राहिले. तीन पानी अर्ज हातात नव्हता.

"मी तक्रार मागे घेतो," ते म्हणाले. "चिठ्ठी एलियाची नाही. मी त्याची माफी मागतो."

कुजबूज सुरू झाली. मागून कोणीतरी विचारलं, "मग कोणाची?"

"मला ठाऊक आहे. सांगणार नाही."

"म्हणजे बाई खरी आहे?"

मामा खोटं बोलत नसत, हीच त्यांची अडचण. "बाई खरी आहे," ते म्हणाले. आणि पुढचं वाक्य त्यांनी अगदी मनापासून, कळवळून उच्चारलं: "माझ्यामुळेच ती बिचारी चर्चला यायची बंद झाली."

हॉलमध्ये असा काही आवाज झाला की बाहेरची कबुतरं उडाली. आपण काय बोललो ते मामांना कळलंच नव्हतं. आपण कबुली दिली एवढंच त्यांना वाटत होतं. आणि कबुली दिलीच होती, फक्त ऐकणाऱ्यांनी वेगळ्या गुन्ह्याची ऐकली. महिला मंडळाच्या माना गरकन सुगंधामामींकडे वळल्या. मामी ताठ बसून होत्या. हातातल्या झावळीची एकेक पात सुटी करत होत्या.

"नाव! नाव!" दोघंतिघं ओरडले. वैभव पाद्री उठले, पण त्यांच्याआधी एलिया उठला.

तो मामांकडे बराच वेळ बघत होता. जन्मभर उलटी अक्षरं वाचलेला माणूस. बाकीच्यांनी सुलटं वाचलं तिथे त्याने उलटं वाचलं असावं. चिठ्ठीतलं वाक्य त्याने ओठातल्या ओठात म्हटलं, मे महिन्यानंतर पहिल्यांदाच न हसता. त्याचा चेहरा उतरला.

"थांबा," एलिया म्हणाला. "हा शांत्या मूर्ख आहे. पण भानगड करायला जी अक्कल लागते ती त्याच्याकडे असती तर मला माहीत असतं." कोणी हसलं नाही, तोही हसवत नव्हता. "त्या दिवशी पहिला मी हसलो. कोणीतरी आपलं दुःख लिहून दिलं होतं आणि मी त्याच्यावर कोटी केली. ती बहीण इथे असेल, नसेल. तिला निरोप पोहोचेल असं मला वाटतं. तिला सांगा, एलिया चुकला." आणि खिशातून पेटीची किल्ली काढून त्याने पाद्रींसमोर ठेवली. "सेक्रेटरी मी राहतो. ही मात्र दुसऱ्या कोणाकडे द्या. विनोद सुचणाऱ्या माणसाकडे नको."

पाद्रींनी प्रार्थना केली, सभा संपली. पण सभा संपते तिथे तोंडं सुरू होतात. जिन्यात, फाटकापाशी, ग्रुपवर. एलियाने मित्राला वाचवलं, असं एका पक्षाचं म्हणणं. बाई मंडळीतलीच, असं दुसऱ्याचं. दत्तारामांना बातमी लिफ्टमध्ये मिळाली, आणि त्या दिवसापासून ते मामांकडे जरा आदराने बघू लागले.

मामी घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. कुलूप, कडी, साखळी लावून झाली. मग म्हणाल्या, "मला तरी सांगा."

"नाही."

"बायकोला?"

"नाही."

"हे पहिल्यांदाच असं झालं, की तुम्हांला काहीतरी कळलं आणि मला नाही कळलं."

आठवडाभर चहा आला तो साखरेशिवाय. मामांनी तो तसाच प्यायला. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळीही प्रभुभोजन असतं, त्याला मामा बाकावरून उठले. एलिया रांगेत पुढे उभा होता, त्याने मागे न बघता अर्धं पाऊल सरकून जागा दिली. दुसऱ्या दिवशी एलियाचा फोन आला, "ईस्टरला ढोलकी आण. मोबाइलवाला ताल काल मला बनियन विकत होता."

ईस्टरच्या सकाळी चर्च फुलांनी भरलेलं. पेटी सुरू झाली, ढोलकी वाजली. पहिल्या दोन कडव्यांत मामांची बोटं अडखळली आणि मग सापडली. मागचं दार उघडलं. पांढऱ्या साडीतली ललिता आत आली आणि दाराजवळच उभी राहिली. बाकं भरलेली. दोघीतिघींनी बघितलं, "अगं, ही तर फेलोशिपला जायची ना?" असं कुजबुजल्या.

मामांनी ललिताकडे बघितलं नाही. इतकं ठरवून बघितलं नाही की ढोलकीवर चक्क एक मात्रा चुकली.

सुगंधामामींनी ती मात्रा ऐकली. नवऱ्याकडे बघितलं, तो छतावरच्या पंख्याकडे बघत होता. मग दाराकडे बघितलं. पांढरी साडी, हातात रुमाल. मामींच्या ओठांची हालचाल झाली. गेल्या एप्रिलपासूनचे महिने त्या मोजत असाव्यात. सिस्टर म्हणून त्यांनी नवरा गेलेल्या खूप जणींना इस्पितळाच्या व्हरांड्यात असं उभं राहिलेलं पाहिलं होतं. त्यांचा चेहरा पडला. त्या बुधवारी आपण काय बोललो होतो ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं.

त्या उठल्या नाहीत. कोणाला काही विचारलं नाही. शेजारी बसलेल्या दोघींना कोपराने ढकललं आणि ढोलकीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सरका जरा. माणसाला बसायला जागा नको का?"